मिरजेच्या उन्हाळ्यांतील ईस्टरचीं अंडीं

कोकोच्या बियांपासून निघणारी चरबी सुमारें ३४ अंशांवर वितळते, आणि एप्रिलमध्यें मिरजेंत दुपारीं पारा ३८ अंशांच्या आसपास असतो. ईस्टरचें चॉकलेट घरीं करूं पाहणाऱ्या गृहिणीची सारी अडचण या दोन आंकड्यांत सांठलेली आहे. बाजारांतून हौसेनें आणलेलें पोकळ अंडें मंडळी देवळांतून परत येईपर्यंत बशींत बसकण मारतें, आणि चकचकीत कागद सोलतां सोलतां मुलांचीं बोटें तेवढीं गोड होतात.

हा दोष ना चॉकलेटचा, ना गृहिणीचा. रीत थंड देशांतील आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर, असें चर्चचें गणित. युरोपांत तेव्हां हिंवाळा सरत असतो. मिरजेंत उन्हाळा भरांत येत असतो. तिकडे मध्ययुगांत सणापूर्वींचे ४० दिवस अंडीं वर्ज्य असत. कोंबड्या मात्र उपवास पाळीत नसल्यामुळें घरोघर अंड्यांचा सांठा होई. तीं रंगवून सणाला वाटीत. चॉकलेटचें अंडें त्या मानानें अलीकडचें. इंग्लंडांत ब्रिस्टॉलच्या फ्राय कंपनीनें तें १८७३ सालीं बाजारांत आणलें.

मिरजेंत डॉ. विल्यम वानलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय सुरू केलें, आणि त्याच्या आश्रयानें येथील ख्रिस्ती समाज वाढला. शेजार मात्र जैन, लिंगायत, ब्राह्मण, मराठा, मुसलमान असा सर्व तऱ्हेचा. पाडव्याला शेजारून साखरेची गाठी येते, दिवाळींत फराळाचें ताट येतें. तें ताट रिकामें परत करणें आपल्याकडे कोणालाच शोभत नाहीं. पण ईस्टरचा केक धाडावा तर त्यांत अंडें! कित्येक घरीं तो संकोचानें ठेवून घेतला जातो व मुकाट्यानें दुसऱ्यास दिला जातो. चॉकलेटचें अंडें तेवढें नांवाचेंच अंडें. तें जैनाघरींही निःशंकपणें जाऊं शकतें. म्हणून तें उन्हांत टिकावें, ही केवळ मुलांची हौस नव्हे.

यावर उपाय आपल्याच स्वयंपाकघरांत आहे, आणि तो म्हणजे खवा. पाव किलो ताजा खवा जाड बुडाच्या कढईंत मंद आंचेवर परतावा. कडा सोडून त्याचा गोळा फिरूं लागला, कीं उतरवावा. येथें घाई करूं नये. कच्चा राहिलेला खवा लवकर आंबतो. गोळा कोमट झाल्यावर त्यांत १०० ग्रॅम पिठीसाखर आणि तीन मोठे चमचे चाळलेला कोको घालून मळावें. गरम खव्यांत साखर घातल्यास तिचें पाणी सुटतें व मिश्रण पुन्हां सैल पडतें. हाताला तुपाचा पुसट हात लावून लिंबाएवढे गोळे करावे, प्रत्येकाच्या पोटांत एक काजू ठेवावा आणि एक टोक किंचित निमुळतें करावें. एवढ्यांत पंधरा-सोळा अंडीं होतात. कोकोची पूड करतांना तिच्यांतील बरीचशी चरबी पिळून काढलेली असते. शिवाय खव्यांतील दुधाचा घन भाग आकार धरून ठेवतो. त्यामुळें दुपारच्या उन्हांत हें अंडें मऊ पडेल, पण वाहणार नाहीं.

ज्यांना चकाकी हवीच, त्यांनीं पहांटे उठावें. त्या वेळीं हवा बरीच निवलेली असते. काळ्या चॉकलेटची वडी चिरून दोन तृतीयांश भाग गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यांत विरघळवावा. पाण्याचा एक थेंबही आंत जाऊं देऊं नये, नाहीं तर सगळ्याचा रवाळ गोळा होतो. मग खालीं उतरवून उरलेला भाग घालून सारखें ढवळावें. ओठाला लावून पाहिल्यास तें थंडसर लागलें पाहिजे. मापक असेल तर ३१ ते ३२ अंश. या ढवळण्यानें चरबीचे योग्य जातीचे स्फटिक बांधले जातात. तें टाळलें तर वर पांढुरका थर येतो. खव्याचीं अंडीं त्यांत बुडवून ताटलींत निवत ठेवावीं. मात्र असलें अंडें उन्हं चढण्यापूर्वींच खाल्लें जावें. चॉकलेटची वडी घेतांना वेष्टनावरील हिरवा ठिपका पाहून घ्यावा, शेजारधर्मासाठीं तो फार उपयोगी.

खव्याचा पदार्थ उन्हाळ्यांत बाहेर दिवसभराहून अधिक ठेवूं नये. शीतकपाटांत दोन-तीन दिवस राहतो. तेव्हां शनिवारीं संध्याकाळीं करून रात्रीं झांकून थंड जागीं ठेवावा आणि रविवारीं सकाळच्या उपासनेहून येतांच, चहाच्या वेळेला, ताटें शेजारीं पोंचतीं करावीं.