जमलेली जोडी, जमविलेली जोडी

बेळगावलगतचे वडगाव हे विणकरांची जुनी वस्ती म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील मागांवर विणलेली लुगडी कितीतरी लग्नघरांत गेली. नवरीच्या लुगड्याचा पोत आणि काठ घरातील बायका निरखून पाहत; वर नवरीला शोभतो की नाही, हे मात्र तिला कोणी विचारीत नसे. बेळगावातच शिक्षण झालेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी हा न विचारलेला प्रश्न रंगभूमीवर उभा केला. 1899 साली 'संगीत शारदा' नाटकाचा पहिला प्रयोग झाला. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथास देऊ करतो. देवलांनी ते लग्न मोडले आणि शारदेची गाठ तरुण कोदंडाशी घातली. प्रेक्षकांनी सुटकेचा श्वास टाकला.

देवलांना हे साधले, कारण शारदा ही त्यांची मानसकन्या होती. ऐतिहासिक नाटक वा मालिका लिहिणाराला ही मुभा नाही. होऊन गेलेले लग्न त्याला मोडता येत नाही. मग विजोड जोडप्यालाच प्रणयाचा रंग देण्याचा मोह त्याला होतो. आणि खरा धोका येथेच आहे.

2012 साली दूरचित्रवाणीवर सुरू झालेली 'उंच माझा झोका' ही मालिका या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. तिचा विषय न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रमाबाई यांचे सहजीवन. 1873 साली रानड्यांची प्रथम पत्नी निवर्तली. विधवाविवाहाचा हा पुरस्कर्ता आता एखाद्या विधवेशीच विवाह करील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. कोल्हापूर संस्थानात नोकरीस असलेल्या वडिलांनी मात्र त्याच वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचे लग्न लावून दिले. वराचे वय एकतीस. तत्त्वापेक्षा पित्याची आज्ञा वरचढ ठरली, आणि लोकांनी रानड्यांना त्याबद्दल बोल लावला.

पुढे या दोघांत गाढ स्नेह जडला, हेही तितकेच खरे. लग्नापूर्वी अक्षरओळख नसलेल्या रमाबाईंना रानड्यांनी शिकविले. घरातील वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे सोसून त्या शिकल्या. पतीच्या निधनानंतर 1910 साली त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' प्रसिद्ध केल्या. पुण्याच्या सेवासदनाची धुराही त्यांनी वाहिली. या ग्रंथात पतीविषयीची भक्ती आहे आणि त्या घरातील जाचही आहे.

म्हणूनच अशा कथेत लेखकाची कसोटी लागते. मागाहून फुललेल्या प्रेमाने पहिला अन्याय पुसला जातो, असे त्याने भासविले, तर बालविवाहही गोड वाटू लागतो. उलट, तो स्नेह लपविला, तर रमाबाईंच्या कर्तृत्वाचा एक आधारच नाहीसा होतो. दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवणे, हाच प्रामाणिक मार्ग होय.

1929 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचे किमान वय चौदा ठरले. 1978 साली ते अठरा झाले. कायद्याने वय वाढविले. मुलीचे मन विचारण्याचे काम मात्र घराचेच राहिले. संध्याकाळी आजी आणि नात एकत्र बसून अशी मालिका पाहतात. त्या वेळी नातीने 'तिला कोणी विचारले होते का?' एवढे विचारले आणि आजीने खरे उत्तर दिले, तरी पुष्कळ झाले.