वीडर चालू होत नाही? आधी हे बघा



पहिला पाऊस पडतो. तण वाढतं.
आपण पॉवर वीडर बाहेर काढतो, दोरी ओढतो…
आणि इंजिन काही चालू होत नाही.

अशा वेळी तीन गोष्टी बघा.
पेट्रोल… प्लग… आणि हवा.

आधी पेट्रोल.
टाकीत महिनोन्‌महिने पडलेलं पेट्रोल खराब होतं.
कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात त्याचा चिकटा बसतो.
जुनं पेट्रोल काढा, ताजं भरा.
हे काम मोकळ्या हवेत करा. जवळ विडी-काडी नको.

मग प्लग.
इंजिन थंड असताना प्लग सोडवा.
टोकावर काजळी असेल, तर साफ करा.
टोक झिजलं असेल, तर नवा प्लग बसवा.

शेवटी हवा.
एअर फिल्टर उघडा.
स्पंजचा असेल, तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा.
कागदाचा असेल, तर धुऊ नका. हलकेच झटका.

आणि एक काळजी घ्या.
पात्यांत अडकलेलं गवत काढण्याआधी
इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढून ठेवा.

तेव्हा लक्षात ठेवा…
आधी पेट्रोल, मग प्लग, मग हवा.
एवढं करूनही इंजिन चालू झालं नाही, तरच मेकॅनिककडे न्या.