न चाललेला खटला

आज एका अशा खटल्याबद्दल बोलायचंय, जो कधी चाललाच नाही.

१० मे १८६५. अमेरिकेचं यादवी युद्ध संपत आलेलं. फुटून निघालेल्या ११ दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस जॉर्जियात पकडला गेला. दोन वर्षं तो कैदेत होता. आरोप देशद्रोहाचा. लाखो माणसं मेलेली, आरोपी हातात, पुरावा जगजाहीर. यापेक्षा सोपा खटला कुठला? कायदा शिकत होतो तेव्हा मलाही असंच वाटायचं.

पण गंमत बघा. अमेरिकेच्या राज्यघटनेत देशद्रोहाची व्याख्या मुद्दाम आवळून केली आहे. देशाविरुद्ध युद्ध करणं किंवा शत्रूला साथ देणं, एवढंच. शिवाय एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार हवेत, नाहीतर आरोपीची खुल्या कोर्टात कबुली. साक्षीदार हवे तेवढे मिळाले असते. अडचण वेगळीच होती.

डेव्हिसची बाजू अशी, की माझं मिसिसिपी राज्य जानेवारी १८६१मध्ये संघातून बाहेर पडलं, त्याच्याबरोबर मीही पडलो. मी तुमचा नागरिकच नाही, तर द्रोह कुणाशी?

म्हणजे त्याला दोषी ठरवायचं, तर राज्याला फुटायचा हक्क नाही, हे आधी सिद्ध करायला हवं. आणि घटना त्यावर गप्प! हक्क आहे असंही म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही. त्यात खटला चालवायचा गुन्हा घडला तिथे, म्हणजे व्हर्जिनियात, ज्यूरीपुढे. एक जण जरी अडून बसला असता, तरी शिक्षा झाली नसती. रणांगणावर जिंकलेलं कोर्टात हरायचं, ही सरकारची धास्ती होती. मे १८६७मध्ये एक लाख डॉलरच्या जामिनावर डेव्हिस सुटला. १८६८च्या नाताळात अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी सरसकट माफी जाहीर केली आणि पुढच्या वर्षी खटला गुंडाळला गेला.

मग प्रश्नाचं उत्तर मिळालं कुठे? रोख्यांच्या भांडणात! टेक्सासनं युद्धकाळात आपल्याकडचे केंद्र सरकारचे रोखे विकले होते. युद्धानंतर ते परत मिळावेत म्हणून टेक्सास थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे असा थेट दावा करायला आधी 'राज्य' असावं लागतं. मग मधल्या काळात टेक्सास संघातलं राज्य होतं की नव्हतं? १२ एप्रिल १८६९ला सरन्यायाधीश चेस यांनी बहुमताचा निकाल दिला. संघ अतूट आहे, फुटायचा ठराव मुळातच रद्दबातल आहे. बाहेर पडायच्या वाटा दोनच, क्रांती किंवा इतर राज्यांची संमती.

आता 'राज्यांचे हक्क' या शब्दांबद्दल. हे शब्द ऐकले की मी लगेच विचारतो, हक्क कशाचा? डिसेंबर १८६०मध्ये साउथ कॅरोलायनानं फुटायची कारणं लिहून जाहीर केली. त्यातली मोठी तक्रार काय? तर उत्तरेकडची राज्यं पळालेले गुलाम परत देत नाहीत, केंद्राचा कायदा पाळत नाहीत! म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी हक्क वापरला, तर दक्षिणेला तो नको होता. हवी होती गुलामगिरी.

हे आपण कशाला ऐकायचं? ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच इतिहास समोर ठेवला. आपला संघ राज्यांच्या करारातून जन्मलेला नाही, म्हणून कुणाला फुटायचा हक्क नाही. हे ठरवायला अमेरिकेला यादवी युद्ध करावं लागलं. आपण ते पुढच्या वादावर न सोडता आधीच स्पष्ट करू, असं त्यांनी सांगितलं. 'युनियन' हा शब्द त्यासाठीच निवडला.

डेव्हिस मात्र १८८१मध्ये दोन खंडांचं पुस्तक लिहून फुटायचा हक्क होता हेच सांगत राहिला. ज्यूरीपुढे त्याला कुणी खोडून काढलंच नव्हतं ना! देशद्रोही म्हणणं सोपं असतं. ते कोर्टात सिद्ध करायची वेळ आली, तेव्हा जिंकलेलं सरकारही मागे सरलं. म्हणून म्हणतो मंडळी, हा शब्द उच्चारण्याआधी कायदा उघडून बघा.

भेटू पुढच्या भागात.