दवाखान्याची वाट दोघांनी चालावी



तालुक्याचा दवाखाना लांब. एका खेपेला दिवसाची मजुरी बुडते. म्हणून घरातली बाई दुखणं अंगावर काढते. पाळी चुकली तरी नाव उशिरा नोंदवते. मग अंगात रक्त कमी आहे, रक्तदाब वाढला आहे, हेही उशिराच कळतं आणि ऐन बाळंतपणात जिवावर बेततं.

तेव्हा जवळची सोय आधी ओळखा. सपाटीवर ५,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा सरकारी निकष आहे. तिथे नर्सबाईंना भेटा. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर. वाट दाखवायला गावातल्या आशाताई आहेत.

पाळणा लांबवायचा असेल तरी हीच वाट. निरोध, गोळ्या, तांबी, दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन ही साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आपल्याला कोणते मानवेल, ते तपासणी करून ठरवा. आता मूल नको असेल, तर पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया सोपी आहे. त्यानंतर तीन महिने मात्र निरोध वापरा आणि तपासणी करून घ्या. निर्णय दोघांचा, जबरदस्ती कुणाचीच नाही.

उपकेंद्राला कुलूप दिसलं, तर मुकाट्यानं माघारी फिरू नका. नर्सबाई कोणत्या वारी येतात, ते ग्रामसभेत विचारा. तो वार दारावर लिहून घ्या. अडीनडीला १०८ क्रमांकावर फोन करा.

मूल दोघांचं, तशी दवाखान्याची खेपही दोघांची!