गोठा आणि वस्ती : क्षेत्रनियोजनाचे नियम व लहान पशुपालक

(पंचायत सचिव, शिक्षक आणि पशुपालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

गोव्यातील जुन्या घराची मांडणी पाहिली तर गोठा हा घराचाच एक भाग असल्याचे दिसून येते. परसदारी विहीर, विहिरीपलीकडे माडांची आळी, एका अंगाला भाताच्या तणाची उडवी आणि तिला लागून गुरांचा गोठा. शेण माडांच्या मुळाशी जाई, तण गुरांपुढे पडे आणि ताक शेजारच्या घरी पोहोचे. शेताची कापणी झाली की गावची गुरे राखण्याच्या हवाली होऊन मोकळ्या शेतांत चरत. गोरवांच्या पाडव्याला गुरांच्या गळ्यांत माळा पडत आणि त्या पाहावयास सारा वाडा जमे. गोठा कोठे असावा हे ठरविण्यासाठी नकाशाची गरज कोणासही भासली नव्हती.

नकाशा आला तो नगरनियोजनाबरोबर. गोवा, दमण व दीव नगर व ग्रामनियोजन कायदा १९७४ साली संमत झाला आणि त्याखालील प्रादेशिक आराखडा १९८६ साली अधिसूचित झाला. गावाची जमीन वसाहत, लागवडीखालील शेती, बागायत, नैसर्गिक आच्छादन अशा क्षेत्रांत विभागली गेली. पुढे ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ तयार होताना हे विभाग अधिक बारीक झाले. या व्यवस्थेचा हेतू चांगलाच होता. शेते वाचावीत, डोंगर उतारावर घरे उभी राहू नयेत, कारखान्याचा धूर वस्तीत येऊ नये, यासाठी अशी आखणी आवश्यक असते. तथापि आखणी करणाऱ्याच्या दृष्टीपुढे घर हे राहण्यासाठी आणि शेत हे पिकासाठी असते. दोन गायी, एक कालवड आणि वर्षाकाठी एखादे पारडू बाळगणारा मनुष्य राहतो वसाहतीत आणि जगतो काही अंशी शेतीवर. त्याचा गोठा नेमका रेषेवर उभा असतो.

आणि ही रेषा स्थिर नसते, हा प्रश्नाचा खरा गाभा होय. नगरनियोजन कायद्यात २०१८ साली १६ब, २०२३ साली १७(२) आणि २०२४ साली ३९अ ही कलमे दाखल झाली. जमिनीच्या क्षेत्रात बदल करण्याची वाट त्यांतून निघाली आणि ती मोठ्या वादाचा विषयही झाली. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. पशुपालकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच, की घरामागची काजूची बाग कालपर्यंत बागायत होती, ती आज वसाहत होते. तेथे भूखंड पडतात, इमारत उभी राहते आणि वरच्या मजल्याची खिडकी गोठ्याच्या कौलांवर उघडते. गोठा तसूभरही हललेला नसतो. तरीही दोन पावसाळ्यांनंतर पंचायतीत तक्रार येते आणि तिच्यात ‘वस्तीतील गोठा’ असे शब्द असतात.

तक्रारीला वाटा तीन आहेत. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ याच्या कलम ६६ नुसार पंचायतीच्या परवानगीवाचून बांधकाम करता येत नाही. जुन्या गोठ्याची अशी परवानगी बहुधा कोणापाशीच नसते, कारण तो उभा राहिला तेव्हा ती मागण्याची रीतच नव्हती. दुसरी वाट १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याची. तेथे आरोग्य अधिकारी पाहणी करतात. तिसरी वाट कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये असलेला सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा अधिकार १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आला आहे. येथे पशुपालकांची एक सार्वत्रिक समजूत दूर करणे अवश्य आहे. ‘गोठा आधीचा, घर मागाहूनचे’ हे उत्तर पुरेसे आहे असे त्यांना वाटते. उपद्रवाच्या कायद्यात मात्र, तक्रारदार मागाहून राहावयास आला एवढ्यावरून उपद्रव क्षम्य ठरत नाही. विचार होतो तो दुर्गंधी, सांडपाणी आणि आरोग्य यांचा. म्हणून गोठा किती जुना यापेक्षा तो कसा राखला आहे, हेच अखेर महत्त्वाचे ठरते.

राज्यघटनेच्या दोन परिशिष्टांकडे येथे लक्ष वेधणे उचित होईल. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेले अकरावे परिशिष्ट पंचायतींचे विषय सांगते. त्यात चौथा विषय पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन हा आहे. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने आलेले बारावे परिशिष्ट नगरपालिकांचे. त्यात पंधराव्या क्रमांकावर कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध हा विषय आहे. दुग्धव्यवसायाचा तेथे उल्लेखही नाही. म्हणजे गाव पंचायतीत आहे तोवर गाय हे उपजीविकेचे साधन, आणि तेच गाव पालिकेत गेले की गाय ही कोंडवाड्याची बाब. गाय तीच, दूध तेच, केवळ यादी बदलली. २०११ च्या जनगणनेत गोव्याची सुमारे ६२ टक्के लोकसंख्या नागरी गणली गेली. यांतील अनेक गावांचा कारभार पंचायतीच पाहतात, पण घरांची दाटी शहराची आणि परसातली गाय खेड्याची, अशी त्यांची अवस्था आहे.

अंतराच्या नियमांचा थोडा हिशेब मांडून पाहावा. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली दुग्धशाळा व गोशाळा यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०२१ साली त्यांत सुधारणाही झाली. २०२० च्या तत्त्वांत अशा जागा निवासी घरांपासून किमान २०० मीटर आणि शाळा व रुग्णालये यांपासून ५०० मीटर दूर असाव्यात असे म्हटले होते. त्यांचा रोख मुख्यतः शहरांतील मोठ्या गोठ्यांच्या वसाहतींकडे होता, आणि त्या वसाहतींतील शेणाचे ढीग व तुंबलेली गटारे ज्याने पाहिली आहेत तो त्यास हरकत घेणार नाही. परंतु तोच दंडक परसातील दोन गायींना लावला तर काय होईल? २०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा हेक्टर भरते. म्हणजे एका गोठ्याभोवती साडेबारा हेक्टरांत एकही घर नको. शाळेतील मुलांकडून गावच्या नकाशावर कंपासाने असे वर्तुळ काढून घ्यावे. बार्देश, तिसवाडी वा सासष्टीतील किती वाड्यांत ते बसते ते मुलांनाच दिसेल.

उलट गायीला प्रत्यक्षात लागणारी जागा फार थोडी आहे. प्रौढ गायीस सुमारे साडेतीन चौरस मीटर आच्छादित आणि सात चौरस मीटर मोकळी जागा पुरते. चार गायींचा गोठा मोकळ्या आवारासह ४२ चौरस मीटरांत बसतो. अडचण आहे ती भोवतालच्या जागेची. १९७५ च्या मुंडकार कायद्याने पंचायत क्षेत्रातील मुंडकारास घराखालच्या जमिनीसह ३०० चौरस मीटर आणि पालिका क्षेत्रातील मुंडकारास २०० चौरस मीटर जमिनीचा विकल्प दिला. त्या कायद्याने असंख्य कुटुंबांच्या डोक्यावरील छप्पर वाचविले. पण ३०० चौरस मीटरांत घर, विहीर, तुळशीचे अंगण आणि गोठा बसविल्यावर शेजाऱ्याची भिंत किती दूर राहणार? गायीची जागा पुरेशी असते, वासाला मात्र जागा उरत नाही.

‘मग गोठा शेतात न्या’ असा सल्ला सहज दिला जातो. तो देणाऱ्याने पहाटे साडेचार वाजता गाय पिळणाऱ्या बाईची दिनचर्या पाहिलेली नसते. लहान गोठ्याचे बहुतेक काम घरातील स्त्री करते. चूल, मुलांची शाळा आणि म्हाताऱ्या माणसांचे औषधपाणी सांभाळून ती करते, ते गोठा हाकेच्या अंतरावर आहे म्हणूनच. गाय रात्री वेते तेव्हा कोणी जवळ असावे लागते. डोंगराकडील गावांत बिबट्याचे भय आहे. शेतात वीज आणि पाणी नाही. शिवाय वसाहतीबाहेर बांधकामाचे नियम वेगळेच आहेत. शेतघरासाठी किमान ४००० चौरस मीटर जमीन लागते, आणि दोन गायी राखणाऱ्याच्या नावावर एका तुकड्यात तेवढी जमीन क्वचितच असते. थोडक्यात, वसाहतीत शेजाऱ्याची हरकत आणि शेतात नियमाची. परिणाम असा होतो, की गाय विकली जाते किंवा, त्याहून वाईट, भाकड झाली की रस्त्यावर सोडून दिली जाते. रस्त्यांवरील मोकाट गुरांची चर्चा होते तेव्हा त्या गुरांना एके काळी गोठा होता, याचा सहसा कोणी विचार करीत नाही.

श्वेत कपिला ही गोव्याची ठेंगणी, पांढरी देशी गाय राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन केंद्राकडे जात म्हणून नोंदलेली आहे. ती मोठ्या दुग्धशाळेत टिकून राहिलेली नाही. ती टिकली ती अशाच लहान गोठ्यांत, आणि तेच बंद झाले तर तिची नोंद तेवढी उरेल.

मात्र शेजाऱ्याची तक्रार खोटी असते असे मानणे हा अन्याय होईल. एक प्रौढ जनावर दिवसाला सुमारे १५ ते २० किलो शेण टाकते. चार जनावरांचे महिन्याला दोन टनांच्या आसपास होते. पावसाळ्यात शेणी वाळत नाहीत, उकिरडा भरून वाहतो, आणि आपल्याकडील जांभा दगड सच्छिद्र असल्याने गोठ्यातील पाणी मुरत मुरत विहिरीकडे जाण्याचा धोका असतो. मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग पसरू शकतो. ज्या घरात तान्हे मूल आहे त्या घराने याविषयी बोलू नये असे कोणी म्हणू शकणार नाही. वाद गाय विरुद्ध माणूस असा नाही, शेणाचे काय करावयाचे हा आहे, आणि त्यावर उपाय आहेत.

घरमाशीचे उदाहरण घ्यावे. उष्ण हवेत अंड्यापासून माशी होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. शेण आठवड्यातून दोनदा हलविले वा नीट झाकले तर हे चक्र मध्येच तुटते. औषध फवारण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आणि खात्रीचा. २५ किलो शेणापासून अदमासे एक घनमीटर गॅस मिळतो. तीन-चार जनावरांच्या शेणावर दोन घनमीटरांचे संयंत्र चालते. त्यात शेण बंदिस्त राहते, स्लरीला उकिरड्याची दुर्गंधी नसते आणि ती माडांना चालते. गोठ्याची जमीन पक्की व उतरती, नाली विहिरीच्या उलट दिशेस, आणि शेणाचा खड्डा छपराखाली, एवढे केले तरी निम्म्या तक्रारी उद्भवत नाहीत. खर्च येतो हे खरे. पण गोठ्यास कागदोपत्री स्थान नसले तर अनुदान वा कर्ज मागताना अडचण येते, आणि ते न मिळाल्याने गोठा सुधारत नाही. या फेऱ्यातून पशुपालकास बाहेर काढणे हे प्रशासनाचे काम आहे.

इतर राज्यांचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. मुंबई शहरातील म्हशींचे तबेले हलविण्यासाठी १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभारण्यात आली. दुग्ध आयुक्त दारा खुरोडी यांच्या त्या योजनेत सुमारे १६,००० जनावरांची सोय होती. गोठे, पाणी, वैरण आणि दूध विकत घेण्याची व्यवस्था सरकारने केली. म्हणजे जागा आधी आणि हुकूम मागाहून. गुजरातेत क्रम उलटा झाला. तेथील विधानसभेने २०२२ च्या मार्चअखेरीस नागरी भागांतील गुरांच्या नियंत्रणाचे विधेयक संमत केले. आठ महानगरपालिका, त्यांत वडोदरेचीही, आणि १५६ नगरपालिका यांच्या हद्दीत परवान्याशिवाय गुरे राखता येणार नव्हती. बिल्ला न लावल्यास दंडाची आणि कैदेचीही तरतूद होती. मालधारी समाजाने कडवा विरोध केला, राज्यपालांनी विधेयक फेरविचारार्थ परत पाठविले आणि २१ सप्टेंबर २०२२ रोजी ते मागे घेण्यात आले. रस्त्यावरील गुरांमुळे होणारे अपघात तेथे खरे होते, आणि मालधाऱ्यांच्या चराऊ जमिनी शहराने व्यापल्या हेही खरे होते. आरेच्या तबेलेवाल्यांची तुलना परसातील गायीशी पुरती करता येणार नाही, कारण ते व्यापारी होते. परंतु पर्यायी जागेचा विचार आधी झाला पाहिजे एवढे त्यातून निश्चित घेता येते.

पंचायतीला आज, कोणताही नवा कायदा न होता, एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. हद्दीतील प्रत्येक गोठ्याची नोंदवही ठेवावी : घर क्रमांक, जनावरांची संख्या, गोठा उभारल्याचे अदमासे वर्ष, विहिरीपासूनचे अंतर, शेणाची व्यवस्था. जनावरांच्या कानांतील १२ अंकी बिल्ल्यांचे क्रमांक त्यात उतरवून घ्यावेत. ते जनावर कोणत्या घरचे याचा तो पुरावा होय, आणि रस्त्यावर सापडलेल्या गुराचा धनीही त्यावरूनच कळतो. ब्रुसेलोसिसची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना द्यावयाची असते. तिची नोंदही तेथेच व्हावी. लगतच्या जमिनीचे क्षेत्र बदलण्याचा प्रस्ताव आला की ही वही ग्रामसभेपुढे ठेवावी आणि शेजारी गोठा असल्याचा उल्लेख ठरावात करावा, म्हणजे भूखंड घेणाऱ्यासही ते आधीच ठाऊक होईल. तक्रार आल्यास पाडण्याची नोटीस काढण्यापूर्वी पशुवैद्यकीय अधिकारी, आरोग्य अधिकारी आणि पंच यांनी एकत्र पाहणी करून सुधारणेसाठी ठरावीक मुदत द्यावी.

मुदत ठरविताना एक व्यावहारिक बाब ध्यानात असावी. जून ते सप्टेंबर या काळात गोठ्याची जमीन पक्की करता येत नाही आणि गुरे बाहेरही बांधता येत नाहीत. पावसाळ्यात आलेल्या तक्रारीत शेण झाकण्याची आणि नाली वळविण्याची सूचना ताबडतोब द्यावी. बांधकामाची मुदत मात्र दिवाळीनंतर, शेते मोकळी झाल्यावर सुरू करावी.