बुद्धिबळ आणि यंत्रबळ

(समाजाच्या परभणी येथील वार्षिक मेळाव्यात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शिक्षक. विद्वत्तेचे भाषण आमच्याकडून होणे नाही. परंतु गतवर्षी याच मेळाव्यात नववीतील एका मुलाने आम्हांस विचारले, ‘गुरुजी, मोबाईल क्षणात उत्तर देतो, मग आम्ही डोके कशाला शिणवावे?’ त्या वेळी आम्ही निरुत्तर झालो. आज बुद्धिबळाच्या आधारे ते उत्तर देत आहोत.

मनुष्य व यंत्र यांचा सामना या पटावर उघडपणे झाला. १९९६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फिया येथे जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हने ‘डीप ब्लू’ या संगणकास ४-२ असे नमविले. पुढील वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्क येथे मात्र संगणकाने साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी बाजी मारली. शेवटचा डाव अवघ्या १९ चालींत आटोपला. ते यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासीत असे. आज तर साध्या मोबाईलमधील बुद्धिबळही जगज्जेत्यास भारी पडते.

या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचेही एक पान आहे. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर यांनी १९८९ साली लंडन येथे बुद्धिबळाच्या संगणकास हरविले. परंतु त्याआधी त्यांस माणसांशीच एक डाव खेळावा लागला होता. १९७६ साली त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा मोठा गदारोळ झाला व प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांनी निर्णय दिला की, स्त्रियांस अशा स्पर्धांत मज्जाव करता येणार नाही. १९८१ साली रोहिणीताई आशियाई महिला विजेत्या झाल्या.

हे वाचताना आमची मान खाली जाते. नोकरीच्या आरंभीच्या काळात आमच्या वर्गात आपल्याच ज्ञातीची एक मुलगी होती. मधल्या सुटीत मुले पट मांडून बसत, तेथे ती उभी राहून पाही. एके दिवशी तिने एका मुलास मात दिली. मुले हसली, तो रडला. आणि आम्ही तिलाच म्हणालो, ‘बाई, हा तुझा खेळ नव्हे.’ ती पुन्हा पटाजवळ आली नाही. पुढे सातवीनंतर तिची शाळाही सुटली. तिची बुद्धी कोणा यंत्राने हिरावली नाही. ती आम्ही बसविली. ही चूक आज सर्वांसमक्ष कबूल करीत आहोत.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. यंत्र जिंकले म्हणून बुद्धिबळ बंद पडले काय? मुळीच नाही. नागपूरची दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर पद मिळविले. आजचे खेळाडू सरावासाठी संगणकाचे साहाय्य घेतात, चुका त्याच्याकडून तपासून घेतात. परंतु स्पर्धेत पटासमोर बसल्यावर मोबाईल जवळ बाळगण्याची मुभा नसते. तेथे घोडा कोठे टाकावा, वजीर केव्हा द्यावा, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. बाळा, परीक्षेचे आणि संसाराचेही तसेच आहे. यंत्रास चूक विचार, अवश्य विचार. परंतु आधी आपली चाल आपण कर. चाल केलीच नाही, तर चूक तरी कोणती सुधारणार?

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, ‘तू मुलगी आहेस’ किंवा ‘आता यंत्रच सारे करील’ असे म्हणून कोणत्याही लेकरास पटावरून उठवू नका. समाजाच्या वसतिगृहासाठी बुद्धिबळाचे पाच संच आम्ही आज अध्यक्षमहाराजांच्या स्वाधीन करीत आहोत. अट एकच : त्या पटांवर मुले व मुली एकत्र खेळतील.