घरातील वजनकाटा : विश्वास कितपत ठेवावा?



घोटीच्या बाजारपेठेला काट्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. भाताच्या गिरण्या आणि तांदळाची आडत यांवर या गावाचा लौकिक उभा राहिला. येथील दुकानांतून तागडी गेली, प्लॅटफॉर्म काटा आला, पुढे इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि भरलेल्या ट्रकसाठी महामार्गावर धर्मकाटे उभे राहिले. खोटी वजने-मापे वापरणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानला गेला आहे, हे तर या सभेतील लहान मुलांनाही पाठशाळेत शिकविलेले असते. भारतात मेट्रिक वजनांचा प्रारंभ १ ऑक्टोबर १९५८ रोजी झाला. आज वैधमापनशास्त्र कायदा, २००९ अन्वये व्यापारातील इलेक्ट्रॉनिक काट्याची दर बारा महिन्यांनी फेरपडताळणी होऊन त्यावर मुद्रांकन होते. शिक्का नसलेल्या काट्यावर गिऱ्हाईक माल घेत नाही आणि घेऊही नये.

परंतु याच व्यापाऱ्याच्या घरात न्हाणीघराच्या दाराशी एक छोटा काचेचा काटा पडलेला असतो. त्यावर कोणाचाही शिक्का नसतो. तो व्यवहारासाठी नसल्याने त्याची तपासणी करावयास कोणी येत नाही. आणि तरीही त्याने सकाळी दाखविलेल्या आकड्यावर घरातील एखाद्या व्यक्तीचा दिवस आनंदात किंवा उदासीनतेत जातो, एखादी माउली रात्रीचे जेवण सोडते, तर कोणी मधुमेहाची गोळी स्वतःच्याच अधिकारात बंद करतो. म्हणून हा काटा काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, याचा विचार आवश्यक ठरतो.

प्रथम यंत्राविषयी. जुन्या तबकडीच्या काट्यात तरफा आणि स्प्रिंग असते. वर्षानुवर्षांच्या वापराने स्प्रिंग सैल होते आणि काटा शून्यावर परत येत नाही. बाजूचे चाक फिरवून शून्य लावता येते, पण किती जण ते लावतात? नव्या काट्याच्या चार पायांत चार संवेदक असतात. भाराने त्यांतील धातू सूक्ष्म प्रमाणात वाकतो, त्यामुळे विजेचा रोध बदलतो आणि त्यावरून आकडा ठरतो. चारही पाय सपाट, कठीण जमिनीवर समान टेकले तरच ही गणना बरोबर येते. एक पाय शहाबादी फरशीच्या सांध्यात गेला किंवा काटा सतरंजीवर ठेवला, तर तोच मनुष्य त्याच क्षणी निराळा भरतो. पडद्यावर दशांश चिन्हापुढे एक अंक दिसतो, म्हणून काटा शंभर ग्रॅमपर्यंत अचूक आहे अशी समजूत होते. ती चुकीची आहे. बारीक आकडा दाखविणे वेगळे आणि खरा आकडा दाखविणे वेगळे. काही काट्यांत तर अशी योजना असते की, लागोपाठच्या दोन वजनांत फरक अल्प असेल तर पहिलाच आकडा पुन्हा दाखविला जातो. वापरणाऱ्यास वाटते, काटा किती पक्का!

याची परीक्षा घरीच करता येते, आणि घोटीकरांना तर ती अगदी सोपी आहे. शिक्क्याच्या काट्यावर तोललेल्या तांदळाच्या दहा-दहा किलोंच्या पिशव्या आणून घरच्या काट्यावर एक, दोन, चार अशा चढवाव्यात. प्रत्येक वेळी उतरवून पुन्हा ठेवावे. काटा दर वेळी सारखाच अर्धा किलो अधिक दाखवीत असेल, तर बिघडले फारसे नाही. वजनातील घट मोजावयाची असेल तेव्हा आरंभीच्या आकड्यातही तोच अर्धा किलो असतो आणि शेवटच्यातही असतो. वजाबाकीत तो निघून जातो. जो काटा एकदा अर्धा किलो अधिक आणि दुसऱ्यांदा अर्धा किलो उणे दाखवितो, तो मात्र कामाचा नाही. दुकानाच्या काट्याला सत्य बोलावे लागते. घरच्या काट्याने निदान एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी, एवढी अपेक्षा पुरेशी आहे. याच कारणाने आज घरी, उद्या दवाखान्यात आणि परवा मेहुण्यांच्या घरी वजन करून त्या आकड्यांची तुलना करण्यास काही अर्थ नाही. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर पूर्वी नाणे टाकून वजनाचे तिकीट घेण्याची यंत्रे असत, त्यांच्या तिकिटावर वजनासोबत भविष्यही छापलेले असे. ज्येष्ठांना ते स्मरत असेल. दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवणारे लोकही होते.

जाता जाता एक गंमत. काटा वस्तुतः पृथ्वीची ओढ मोजतो आणि उंचीवर ती ओढ किंचित कमी होते. समोरच्या कळसूबाई शिखरावर, म्हणजे १६४६ मीटर उंचीवर, काटा नेला तर या कारणाने माणसाचे वजन काही ग्रॅमच कमी भरेल. चढताना आलेल्या घामाने मात्र ते सहज किलोभर उतरलेले असेल. आणि येथूनच खरा प्रश्न सुरू होतो. काटा निर्दोष असला तरी तो जे तोलतो, ते नेमके काय असते?

इटलीतील पादुआ येथे सांक्तोरिओ नावाचे वैद्य होऊन गेले (१५६१ ते १६३६). त्यांनी एक मोठी तराजू-खुर्ची बनविली आणि सुमारे तीस वर्षे स्वतःचे वजन, खाल्लेले अन्न, प्यालेले पाणी व मलमूत्र यांची तुलना केली. पोटात गेलेले आणि बाहेर पडलेले यांचा मेळ बसेना. बराच मोठा भाग डोळ्यांना न दिसता, श्वासावाटे व त्वचेवाटे निघून जातो, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १६१४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. देह हा स्थिर माल नसून त्याचे वजन प्रहरा-प्रहराला हालते, हे तेव्हाच सिद्ध झाले.

भाताचा व्यापार करणाऱ्यास हे दोन वाक्यांत समजेल. नवे भात शंभर किलो तोलले, त्यात वीस टक्के ओलावा होता आणि वाळवून तो चौदा टक्क्यांवर आला, तर भरती त्र्याण्णव किलो होते. सात किलो गेले. पण दाणा एकही गेला नाही. त्याला कोणी चोरी म्हणत नाही, ‘सुकती’ किंवा ‘घट’ म्हणतात. मनुष्यदेहातही निम्म्याहून अधिक भाग पाणी आहे. लोणचे-पापड अधिक झाले की मिठासोबत पाणी अंगात थांबते. स्त्रियांत मासिक धर्माच्या चक्रानुसार पाणी साठते व उतरते. पोटातील अन्न, आतड्यातील मळ, रात्रीचा प्रवास, उन्हाळा या साऱ्यांमुळे एका दिवसात एक-दोन किलोंचा फरक पडणे ही नित्याची बाब होय. चरबीचे गणित मात्र निराळे आहे. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात आणि साधारण घरातील प्रौढ व्यक्ती दिवसाकाठी १८०० ते २००० कॅलरी खर्च करते. अन्नाचा कणही घेतला नाही तरी एका दिवसात पाव किलोच्या आसपासच चरबी खर्च होऊ शकते. रात्रीतून किलोभर चरबी जात नाही, तशी लग्नातील एका जेवणाने किलोभर चढतही नाही.

आता आपल्या समाजाच्या जवळचा विषय. पर्युषणात अठ्ठाई झाली की तपस्वींना पाहुणेमंडळी कौतुकाने विचारतात, वजन किती उतरले? पाच किलो, सहा किलो अशी उत्तरे ऐकू येतात. हिशेब केला तर आठ दिवसांत देहाने सुमारे चौदा ते सोळा हजार कॅलरी वापरल्या, म्हणजे सगळा खर्च चरबीतूनच झाला असे धरले तरी ती जेमतेम दोन किलो भरते. मग उरलेले तीन-चार किलो कोठे गेले? यकृत आणि स्नायू यांत साखरेचा साठा असतो, तो साधारणतः अर्धा किलो. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. पहिल्या एक-दोन दिवसांत तो साठा मोठ्या प्रमाणात संपतो आणि पाणी निघून जाते. आतडी रिकामी होतात. मिठासोबतचे पाणी उतरते. काही अंश स्नायूंचाही झिजतो, आणि हा भाग चिंतेचा आहे. चौविहार उपवासात पाणीही नसल्याने पहिल्याच दिवशी काटा बराच खाली येतो. पारण्यानंतर आठवड्याभरात तीन-चार किलो परत येतात, तेव्हा तपस्वींना उगाच अपराध्यासारखे वाटते. वास्तविक ते पाणी परत आलेले असते. तप हे कर्मनिर्जरेसाठी आहे, काट्यासाठी नाही, हे महाराज साहेब सांगतच असतात. येथे एवढेच सांगावयाचे की काटाही त्या मोजमापाला अपात्र आहे. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाची औषधे चालू आहेत, त्यांनी प्रत्याख्यान घेण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उतरलेला आकडा पाहून औषध सोडणे हा देहाशी केलेला खोटा हिशेब आहे.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या प्रचारामुळे दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा प्रघात घरोघरी पोहोचला. मूळ विचार दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. आपल्याकडील बियासण्याची आठवण अनेकांना झाली असेल. त्या मोहिमेतही केवळ वजनावर भिस्त नाही. उपाशीपोटी इन्सुलिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी चाचणी करून घेण्यास सांगितले जाते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

वजनाचा आकडा भारतीयांना विशेषतः फसवितो, हे दाखवून देणारे संशोधन आपल्या पुण्यातच झाले. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छायाचित्रासह प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्याच्या लेखी दोघे समान! डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो आढळले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायू व अवयवांत लहान होती, पण त्या मानाने चरबी राखून होती. म्हणून बारीक दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह होतो, आणि म्हणूनच भारतीयांसाठी वजन-निर्देशांकाची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर आणण्यात आली. दिवसभर गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्या वर्गाने याकडे अधिक लक्ष द्यावे.

पोटाचा घेर हा येथे काट्यापेक्षा प्रामाणिक साक्षीदार ठरतो. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा. त्यासाठी शिंप्याची टेप पुरते. चालणे, व्यायाम सुरू केल्यावर अनेकदा वजन जागचे हालत नाही, पण पँट सैल होते. चरबी घटून स्नायू भरत असतात. केवळ काटा पाहणारा अशा वेळी निराश होऊन व्यायाम सोडतो.

मग काटा टाकून द्यावा काय? तसेही नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये एक नोंदवही सुरू झाली. वजन उतरवून ते टिकविणाऱ्या हजारो व्यक्तींची त्यात नोंद आहे. त्यांतील सुमारे पाऊणशे टक्के लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात, असे आढळले. अर्थात एकाच आकड्याला महत्त्व नाही, ओळीला आहे. सकाळी उठल्यावर, शौचास जाऊन आल्यानंतर, काही खाण्या-पिण्यापूर्वी, हलक्या व सारख्याच कपड्यांत, त्याच जागी, त्याच काट्यावर. कपडे, दागिने, मोबाईल हे सारे बारदान; ते वजा करावयाचे कोणाला शिकवावे लागू नये. रोज लिहीत असाल तर आठवड्याच्या सात आकड्यांची सरासरी काढावी आणि सरासरीची तुलना मागील सरासरीशी करावी. रोजमेळाचा चढउतार पाहून कोणी नफा-तोटा ठरवीत नाही, ताळेबंद पाहावा लागतो. ज्या व्यक्तीचे, विशेषतः तरुण मुलींचे, मन रोजच्या आकड्याने अस्वस्थ होते व जेवण सुटू लागते, त्यांच्या घरातून मात्र काटा काही काळ उचलून ठेवणेच योग्य.

चरबीचे टक्के दाखविणारे काटेही बाजारात आले आहेत. ते पायांतून अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतात. पाणी कमी-अधिक प्यालेले असले की टक्के बदलतात. पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने त्यावर उभे राहू नये.

दोन प्रसंगी मात्र घरचा साधा काटाही मोलाचा ठरतो, आणि ते दोन्ही प्रसंग वजन घटविण्याशी संबंधित नाहीत. हृदयाचे कार्य दुर्बल झालेल्या रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले, तर ती चरबी नसते. अंगात पाणी साचत असते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे लागते. दुसरा प्रसंग ज्येष्ठांचा. कोणताही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीचे तीन किलोंनी, उतरले तर घरचे लोक बहुधा ‘छान, हलके झालात’ असे म्हणतात. क्षय, मधुमेह, थायरॉइड, कर्करोग यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. अशा वेळी वहीतील तारीखवार नोंद डॉक्टरांपुढे ठेवावी. काटा कितीही जुना असला, तरी महिनोन् महिने एकाच दिशेने झालेली तीन किलोंची घसरण त्याच्या चुकीत बसत नाही.